वाऱ्याकडे पाठ केलेले हंस

क्लेमन्सला युक्ती सुचली की मी आधी पळायची वाट शोधतो. चाळीस वर्षांची दोस्ती आहे आमची, उगाच बोलत नाही. या डिसेंबरात, हंसांच्या शिकारीच्या मोसमाच्या शेवटच्या शनिवारी, तो पिकअपमध्ये पाण्याचे बारा कॅन गोधड्यांत गुंडाळून घेऊन आला. मला तिथूनच परत घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

"एवढं पाणी कशाला? पोहायचंय?"

"ओतायचंय. उणे अठरा आहे, वेंडेलिन. प्रत्येक हंसाच्या बुडाशी तांब्याभर ओतायचं, पाच मिनिटांत दगड. मग वारा काय, वाऱ्याचा बाप आला तरी हलवणार नाही."

आमचं सगळं घोडं या वाऱ्यापाशीच अडतं. खऱ्या हंसांना भुलवून उतरवायला आमच्याकडे तीन डझन खोटे हंस आहेत, तपकिरी प्लास्टिकचे, पाय लोखंडी रिंगवर घट्ट बसवलेले. नोव्हेंबरात जमीन मऊ असते, रिंग खुंटीने ठोकली की झालं. डिसेंबरात जमीन अशी गोठते की खुंटी वाकते, हातोडा उडतो आणि तोंडातून नको ते शब्द बाहेर पडतात. नुसत्या ठेवलेल्या रिंगा वारा उलथून टाकतो. आणि एक जरी हंस पाय वर करून पडला, तरी आकाशातला खरा थवा लगेच दुसरीकडे वळतो.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही जमिनीला ड्रिलने भोकं पाडून तारेचे आकडे ठोकले होते. एक आकडा शेतातच राहिला. मक्याची कापणी झाली की त्या शेतात गायी चरायला सोडतात, आणि फ्रीडा नावाच्या गायीने पाल्याबरोबर तो गिळला. डॉक्टरने पोट फाडून काढला. गाय वाचली, पण मालकिणीसमोर मान वर करायची आमची हिंमत राहिली नाही.

मालकीण म्हणजे रोझिना वायगेल. वय एकोणऐंशी, सख्खी कुणाचीच नाही, पण आख्ख्या पंचक्रोशीची मावशी. धरणाखाली मिसुरी नदी गोठत नाही, त्यामुळे हंस तिथे मुक्कामाला असतात आणि पहिला घास खायला मावशीच्या शेतात उतरतात. माझे वडील तिथे शिकार करायचे, त्यांच्या मागून मी. या ऑक्टोबरात आम्ही दोघं मलईचा केक घेऊन, टोप्या हातात धरून तिच्या दारात उभे राहिलो. तिने शांतपणे दोन तुकडे खाल्ले, मग तोंड उघडलं.

"एक शेवटची संधी देते. एकच दिवस. जमिनीत काही ठोकायचं नाही. तार नाही, खिळा नाही, सळई नाही. चार वाजता मी गायी सोडणार. तेव्हा शेतात तुमची काडी जरी दिसली, तर फाटक कायमचं बंद. कळलं का रे दोघांना?"

कळलं होतं. मला त्रेसष्टावं लागलंय. या वयात नवं शेत शोधत कुणाकुणाची दारं वाजवू? आणि खरं सांगायचं तर ते शेत नसेल, तर डिसेंबरात जगायचं कशाला, हेच मला ठाऊक नाही.

तर आम्ही पाणी ओतलं. उजाडायच्या आत छत्तीस हंस वायव्येकडे तोंड करून उभे केले, कारण वारा तिकडून होता आणि हंस वाऱ्याकडे तोंड करूनच चरतात. क्लेमन्सने हात सैल सोडून ओतलं, पार घोट्यापर्यंत. मग वारा सुटला. माझी टोपी गेली, क्लेमन्सचा सँडविचचा कागद गेला, पण हंस एकही हलला नाही.

"बोल आता," क्लेमन्स म्हणाला. त्याची छाती कोटात मावत नव्हती.

युक्ती झकास होती. नऊ वाजेपर्यंत.

नऊला वारा पडला. साडेनऊला परत सुटला, पण आग्नेयेकडून. म्हणजे बरोबर उलटा.

थव्याला दिसू नये म्हणून तपकिरी चादरी पांघरून आम्ही पालापाचोळ्यात पडलो होतो. नदीकडून दोनशेएक हंसांचा थवा आला, खाली बघितलं, एक मोठा फेरा मारला, मग सगळे आपापसात काहीतरी बडबडले आणि चालते झाले.

"काय म्हणाले असतील रे?" क्लेमन्सने विचारलं.

"म्हणाले, खाली सगळी मंडळी पाठ फिरवून रुसून बसलीयेत. उगाच कशाला त्यांच्या भांडणात पडा."

"मग फिरव ना त्यांना!"

"तू फिरव. तूच पेललंस ना वाऱ्याच्या बापाला?"

त्याने एका हंसाला लाथ घातली आणि नंतर पाच मिनिटं एका पायावर नाचत राहिला. दोनपर्यंत आणखी तीन थवे आले आणि तसेच गेले. बंदुकीला हात लावायची वेळ आली नाही, तेव्हा आम्ही बंदुका पिकअपमध्ये ठेवल्या आणि आवरायला घेतलं.

पहिला हंस मी जोर लावून ओढला. हंस हातात आला, काळा पाय बर्फातच राहिला. दुसऱ्याचेही तसेच हाल. क्लेमन्सने हातोड्याने बर्फ फोडला, तर प्लास्टिकच्या चिपा चहूकडे उडाल्या. मी गुडघ्यांवर बसून त्या एकेक वेचल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर फ्रीडाचं पोट आलं.

"माझ्याकडे एक युक्ती आहे," क्लेमन्स हळूच म्हणाला.

"तोंड उघडलंस तर तुलाच इथे गोठवीन. मी मावशीला सांगायला चाललो."

"वेडा झालास? फाटक गेलं मग!"

"जाऊ दे. तिच्या गायींनी प्लास्टिक खाल्लं तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

मावशी गोठ्यात होती. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिने बादली खाली ठेवली.

"म्हणजे तुम्ही माझ्या शेतात हंस पेरलेत."

"हो, मावशी."

"आणि त्यांनी मूळ धरलं."

"हो."

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गेलेल्या नवऱ्याचा जुना तपकिरी कोट अंगावर चढवून तिने गोठ्यातल्या बॉयलरच्या नळाखाली दुधाचे कॅन लावले आणि उकळतं पाणी भरून घेतलं. "बघतोस काय? उचल!"

शेतात ती स्वतः गुडघ्यांवर बसून रिंगांवर पाणी सोडायची, आणि आम्ही परत गोठायच्या आत हंस उपटायचो. क्लेमन्स सुटलेला हंस बाजूला ठेवायचा, पण हाताची सवय, प्रत्येकाचं तोंड वाऱ्याकडे.

"हळू रे, रेड्या! पाय मोडशील."

"हंसाचा की तुझा, मावशी?"

"माझे केव्हाच मोडलेत. पाणी आण."

बारीक बर्फ भुरभुरायला लागला होता. विसेक हंस सुटले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला. थवा अगदी खाली होता. आम्ही तिघं गुडघ्यांवर, कोट तपकिरी, वर बर्फाची पूड, म्हणजे वरून बघणाऱ्याला आम्हीही हंसच, आणि भोवती वाऱ्याकडे तोंड केलेले वीस शहाणे हंस; रुसलेले उरले होते ते पार मागच्या कडेला. क्लेमन्सची नजर पिकअपकडे गेली. दोनशे पावलांवर.

"हललास तर कानाखाली देईन," मावशी ओठ न हलवता म्हणाली.

मग ते उतरले. पंख ताणून, पाय पुढे काढून, आमच्या डोक्यांवरून, इतक्या जवळून की पंखांचा वारा गालाला लागला. शंभर, दीडशे, आणखी. एक थोराड नर मावशीच्या गुडघ्यापाशी आला आणि तिच्या कोटाचं बटण चोचीने ओढून बघायला लागला. साठ वर्षं तिने हे पक्षी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते. ती हसत होती, बिनआवाजाचं, खांदे हलवत. मीही हसत होतो. शिकार नव्हती, बंदूक नव्हती, आणि इतकं सुख मला त्या शेतात आजवर कधी मिळालं नव्हतं.

पाच-सात मिनिटं असतील. मग वाऱ्याने एक सुटा हंस उलथवला आणि सगळा थवा एकदम उठून नदीकडे गेला.

उरलेले हंस आम्ही भराभर सोडवले, मोडका पाय न पाय, चिप न चिप वेचून पिशवीत भरली. चारला दहा कमी होते. गायी फाटकापाशी हंबरत होत्या. मला विचारायची भीती वाटत होती, पण विचारलं.

"मावशी, फाटकाचं काय?"

तिने रिकामा कॅन माझ्या हातात दिला आणि कोटावरचा बर्फ झटकला.

"पुढच्या वर्षीपण पाणीच ओता," ती म्हणाली. "म्हणजे मला बोलवायला यावंच लागेल तुम्हाला."