देवाचा उजवा खांदा

पाकळी सुटली. देवाच्या उजव्या खांद्यावरून घसरत खालच्या तबकात पडली, आणि बोळात दाटीने उभ्या असलेल्या आमच्या अख्ख्या चाळीने हात जोडले. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाच्या हातात मोबाइल.

"बघितलंत?" देवळाचे पुजारी धनेशबुवा म्हणाले. "अर्ज आपण महापालिकेत करतो, मंजुरी वरून येते. वरचं ऑफिस चोवीस तास चालू, लंच टाइम नाही."

लालबागच्या आमच्या चाळीत बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. गावची रीत इथेही आली. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. विचारणारा गाऱ्हाणं घालतो आणि दर वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघतं.

देऊळ छोटंसं, बोळाच्या कडेला. गेल्या साली उत्सवापुरती परवानगी काढून बुवांनी पुढे पत्र्याची शेड घातली. उत्सव संपला, शेड राहिली. तिचे लोखंडी खांब बरोब्बर बोळाच्या तोंडाशी. दिवाळीत माझ्या सासूबाईंना, राधाबाईंना, धाप लागली, तर त्या खांबांतून स्ट्रेचर वळेना. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची आडवी-तिडवी करत आईंना बाहेर काढलं. ऑक्सिजन तोवर रस्त्यावर, गाडीतच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी इतका उशीर चालणार नाही."

तेव्हा साऱ्या चाळीने हरकत लिहून दिली होती. मग बुवांनी शेड कायम करण्यासाठी अर्ज केला, महापालिकेने पाहणी ठरवली आणि लगेच देव बोलू लागला. रोज कौल, रोज उजवा. एकेक घर हरकत मागे घेऊ लागलं. आईंना खुर्चीतून उचलणारे दत्ताराम काकासुद्धा.

"काका, खांबाला तुमचंच कोपर सोलवटलं होतं," मी म्हटलं.

"व्हय गो उर्मिला. पण देवाच्या शब्दापुढे माझ्या कोपराचा काय?"

उरली आमची हरकत. तीही आईच मागे घ्यायला निघाल्या.

मी म्हटलं, "आई, प्रश्न दर वेळी बुवाच विचारतात. आजारी तुम्ही. एकदा तुम्ही विचारा."

"देवाची परीक्षा घेवची नसता."

"परीक्षा नको. नुसतं विचारा."

त्या गवार मोडत बसल्या.

पाहणीच्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून दीपिका मॅडम आल्या. टेप लावून बोळ मोजला आणि म्हणाल्या, "रहिवाशांचं म्हणणं सांगा."

बुवांनी पाकळ्या चिकटवल्या. "ह्या पत्र्याखालीच तू सुखी आसंस, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

थोड्या वेळाने उजवी पडली.

"लिहा मॅडम," बुवा म्हणाले.

"कौल लिहायला माझ्याकडे जागा नाही," मॅडम म्हणाल्या. "माणसांचं म्हणणं लिहिते."

तेवढ्यात आई भिंतीला धरत पुढे आल्या. "आता माका इचारूचा आसा."

"काकी, असं मध्येच चालत नाही. देव दमतो."

"तूच तर म्हणालास, चोवीस तास चालू."

कुणीतरी फिसकन हसलं. बुवांना पाकळ्या लावाव्याच लागल्या. आईंनी पदर सावरला.

"तुझी सेवा मी तरुणपणापासून केलंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझी वाट ह्या खांबांनी अडवल्यानी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"वाट बंद ऱ्हवान मी मेलंय, तरी तुका चलात, म्हाराजा?"

"व्हय म्हा—"

अर्ध्यावर थांबले सगळे. दत्ताराम काकांचा हात तोंडावर गेला. त्या शांततेत उजवी पाकळी घसरली आणि तबकात पडली.

आई तिच्याकडे बघत राहिल्या. हे व्हावं म्हणूनच मी त्यांना पुढे केलं होतं, तरी त्यांचा चेहरा मला बघवेना. मी देवाशी गेले.

"काका, या दिव्याजवळ हात धरा."

देवाच्या दोन्ही बाजूंना एकसारखे दिसणारे दोन फोकस. डावीकडचा एलईडी, थंडगार. उजवीकडचा जुना हॅलोजन. मागच्या आठवड्यात हार घालताना त्याचाच मला चटका बसला होता. मग घरी पाट उभा करून दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एकीजवळ निरांजन धरलं. कितीदा करून बघितलं, निरांजनाकडची आधी सुकायची आणि आधीच पडायची. पाकळीला धरून ठेवतं ते पाणी. ते सुकलं की ती सुटते.

काकांनी हात झटकन मागे घेतला. मी पदराने धरून डाव्या जागी हॅलोजन लावला, उजव्या जागी एलईडी, नव्या पाकळ्या चिकटवल्या आणि बुवांचाच प्रश्न पुन्हा विचारला. डावी पडली.

"हा बल्ब इलेक्ट्रिशियनने लावलाय," बुवा म्हणाले. "मला त्यातलं काय कळतं?"

"मग देव बोलतोय हे कशावरून कळलं?" काकांनी विचारलं आणि मॅडमकडे वळले. "माझी हरकत परत लिवून घेवा."

आणखी तीन घरांनी लिहिली. बाकीचे निघून गेले. राधाबाईने देवाला चाळीसमोर उघडं पाडलं, असंही कुणी जाता जाता म्हणालं. निकाल अजून यायचा आहे. खांब जागेवर आहेत. रात्री आईंच्या छातीची घरघर ऐकत मी जागी असते.

त्या दिवशी जिना चढताना त्या मध्येच बसल्या.

"पाकळीचा माका काय वाटणा नाय," त्या म्हणाल्या. "तो दिवो होतो. पण माणसा व्हय म्हणाली गो."

तुमच्या गल्लीतही देव बोलत असेल तर जरूर ऐका. फक्त आधी दिव्याला हात लावून बघा, आणि "व्हय" म्हणण्याआधी प्रश्न पुरता ऐकून घ्या. त्यात कुणाचा तरी जीव असतो.