प्लास्टिकमध्ये कोंडलेला पपायरस

मित्रांनो, मी एक पपायरस आहे. जुना म्हणवून घ्यावं एवढं माझं वय नाही, अवघी सहा वर्षं. पण घराणं विचाराल तर पाच हजार वर्षांचं. आणि असा मी लातूरच्या एका दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून भिंतीला टांगलेला होतो. घराणं घेऊन काय चाटायचंय?

जन्म माझा नाईलच्या काठचा. पाण्यात वाढणारं, तिधारी देठाचं उंच गवत म्हणजे आम्ही. देठाची हिरवी साल सोलली, आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या कापल्या, एक थर उभा आणि एक आडवा ठेवला, मग वजनाखाली दाबून वाळवलं. खळ नाही, डिंक नाही, माझ्याच रसानं मी जुळलो. माझ्या पूर्वजांवर इजिप्तच्या लोकांनी प्रार्थना लिहिल्या, औषधं लिहिली, घरची साधी पत्रंही लिहिली. राजे गेले, पत्रं राहिली. का राहिली? कोरड्या वाळूत होती म्हणून. आम्हाला म्हातारपणाचं भय नाही, भय एकच, ओलीचं.

त्या दुकानाच्या मालकाची मुलगी सदफ. तिचे मामा इजिप्त बघून आले, तेव्हा त्यांनी मला तिच्या वडिलांसाठी आणलं. तिचे वडील खाजाभाई जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या मागं त्यांचं दुकान. त्यांनी मला उजेडासमोर धरलं आणि बायकोला हाक मारली, "सुलतानबी, बघ की! उभं-आडवं, बिनखळीचं. लई कारागिरी हाय ही!" असं पारखून माझं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

सुलतानबीनं तीस वर्षं त्या दुकानात पुस्तकं शिवली. हजारो पुस्तकं तिच्या सुईखालून गेली, पण त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर सदफनं आईला मराठी अक्षरं शिकवली. एके दुपारी ती पेन घेऊन माझ्यासमोर बसली. चारदा हात मागं घेतला. मग लिहिलं: "मी सुलतानबी. माझं नाव मीच लिवलं." माझ्या पूर्वजांवर राजांची नावं आहेत म्हणे. असूद्यात!

पुढच्या वर्षी सुलतानबी गेली. तिच्या हातचं अक्षर जगात तेवढंच उरलं, माझ्या अंगावर.

आता आमच्याकडची एक रीत ऐका. ज्याच्यावर जीव, त्याला प्लास्टिक! टीव्हीचा रिमोट, नवा सोफा, लग्नाचा अल्बम, सगळं प्लास्टिकात. गेल्या एप्रिलात कूलरचे शिंतोडे माझ्यावर उडाले आणि खाजाभाई हातातलं काम टाकून धावले. त्यांनी मला फडक्यानं टिपलं, दमट असतानाच जाड पिशवीत घातलं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर चारी कडा डागून बंद केल्या. म्हणाले, "आता पाण्याचा बाप आला तरी तुला शिवत न्हाई." माया होती हो! पण त्या मायेनंच माझा गळा धरला. आतली ओल जाणार कुठं?

उन्हाळ्यात मी आतल्या आत उकडलो. पावसाळ्यात डाव्या कोपऱ्यात काळे ठिपके उठले आणि एकेक दिवस करत अक्षराकडं सरकू लागले. ओरडावं तर तोंड नाही. खाजाभाई रोज सकाळी पिशवी बाहेरून पुसायचे. बाहेरून पुसून आतलं जातंय होय!

सदफनं ओळखलं. "अब्बा, बुरशी हाय ही. पिशवी कापू द्या."

"हात लावायचा न्हाई! कापताना अक्षर निघालं तर? तुझी माय परत येणार हाय का लिवायला?"

पोरगी रडली, पण बाप हलला नाही. ठिपके मात्र चालतच होते.

दिवाळीच्या आधी रेणापूरचे शेषेराव भजनाची वही बांधायला आले. सोयाबीनची रास करून आलेला शेतकरी तो. माझ्यावरचं सुलतानबीचं अक्षर आणि काळे ठिपके बघून त्यांनी विचारलं, "खाजाभाई, ओलं सोयाबीन ताडपत्रीखाली दाबून ठेवावं का?"

"येडे का काय? काळं पडंल, सडंल की."

"मग भाभीला कशापाई कोंडून ठेवलंय?"

खाजाभाई खाली बसले. मग उठून त्यांनी धारेची सुरी घेतली. सदफनं कडा धरली, प्लास्टिक चरचरलं आणि सहा महिन्यांनी मला वारा लागला.

पण उशीर झाला होता. पहिला 'मी' प्लास्टिकला चिकटून गेला. मला फार वाईट वाटलं. माझ्यावर भरवसा ठेवून दिलेला शब्द मी सांभाळू शकलो नाही.

टिपकागदात ठेवून त्यांनी मला सावलीत वाळवलं. सदफ म्हणाली, "अब्बा, तेवढा शब्द मी लिवू का? अम्मीसारखाच काढते."

"नको बेटा," खाजाभाई म्हणाले. "तिचं नाव तिनंच लिवलंय."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातचं अक्षर असेल. ते जपा. पण आधी वाळवा, आणि श्वास घ्यायला जागा ठेवा. मी आता उघड्या भिंतीवर आहे. यंदा मे महिन्यात खाजाभाईंनी कूलर दुकानाबाहेर काढलाय आणि ते घाम पुसत पुस्तकं बांधत बसतात.