पक्का टाका

“वरचं झाकण ज्यानं वेल्डिंग केलंय ना, त्या गाढवाचा एकदा शाल-बिल देऊन सत्कार करायला हवा,” घुशा पावाचा तुकडा सुपात बुडवत म्हणाला. “दोन बोटांनी उघडतं! असल्या कामाचा पगार मिळतो म्हणे लोकांना.”

“पुढं पेन्शनही मिळेल,” शेवाळबाई म्हणाल्या.

पाद्रीबुवा पातेल्यातलं कांद्याचं सूप ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. “असतात बिचारे,” ते म्हणाले. “कामाचा कंटाळा. दुसरं काय.”

रविवारची दुपार होती. पॅरिसच्या चौदाव्या प्रभागात लोक जेवून आडवे झाले होते आणि त्यांच्या पलंगांच्या थेट खाली, सहा मजले खोल, जुन्या दगडखाणीच्या एका दालनात ही मंडळी जेवायला बसत होती. खाली जायला बंदी आहे. सापडलं तर दंड आहे. पण बंदी असलेल्या जागी सूप जरा जास्त चवदार लागतं, हे ज्यानं प्यायलंय त्यालाच ठाऊक.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तो गाढव म्हणजे खुद्द पाद्रीबुवाच. वरच्या जगात त्यांचं नाव आन्सेल्म त्रुवे. खाणींची भोकं बुजवणाऱ्या कचेरीत वेल्डर. आठवडाभर ते झाकणं पक्की करत फिरायचे आणि असं पक्कं करायचे की पुन्हा उघडायची कोणाची छाती होऊ नये. फक्त चीजच्या दुकानापुढचं हे एक झाकण त्यांनी मनापासून वाईट केलं होतं. दोन फुसके टाके, बाकी सगळ्या गोलाईत लांबी, सुतार भेगा बुजवायला वापरतात तो लगदा, भरून, वर चंदेरी रंग. बघणाऱ्याला वाटावं, काय शिवण आहे! खाणीचा हा तुकडा बाकीच्या बोगद्यांपासून कधीच तुटलेला. आत यायला तेवढं एकच भोक. ते त्यांनी असं स्वतःच्या हातानं जिवंत ठेवलं होतं आणि दर रविवारी त्याबद्दल शिव्या खात होते.

घुशाला किंवा शेवाळबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. कारण खालचा नियमच तसा: शिडी उतरलास की वरचं नाव वर ठेवायचं, वरचा धंदाही वरच. विचारायचं नाही, सांगायचं नाही. वर रस्त्यात भेटलात तर ओळख दाखवायची नाही. पाद्रीबुवा हा नियम इतका कडक पाळत की त्यांचं लग्नसुद्धा त्यातच झालं. त्यांची बायको याच दालनात भेटली. हातात एवढासा दिवा घेऊन यायची, म्हणून तिचं नाव पणती. वर्षभर दोघं सूप प्याली, भांडली, प्रेमात पडली आणि थेट लग्नाच्या कचेरीत गेली. महापौरबाईंनी विचारलं, “आन्सेल्म त्रुवे यांचा पती म्हणून स्वीकार आहे?” तशी पणती मागं वळून बघायला लागली, हा कोण बुवा आणखी? हे मी ऐकलेलं सांगतोय, पण सांगणारे पाद्रीबुवाच होते, तेव्हा निम्मं तरी खरं असेल.

ही पणती पाथरवटाची मुलगी. दालनाच्या मधोमध चुनखडीचा एक लांबलचक दगड होता. तिनं छिन्नी घेऊन त्याचं टेबल केलं आणि माणसागणिक त्यात एकेक वाटी कोरली. सूप थेट दगडातच वाढायचं. चुनखडीच ती, पहिली पळी सरळ पिऊन टाकते. म्हणून तिथली रीत पडली: पहिली पळी दगडाची, दुसरी आपली. पणतीला जाऊन पाच-सहा हिवाळे झाले होते. तिची वाटी टेबलाच्या कोपऱ्यावर होती. पाद्रीबुवा तिच्यातही एक पळी ओतायचे, दगड ती निमूटपणे प्यायचा. दुसरी ओतत नसत.

त्या रविवारी पंगतीला एक नवीन पाहुणा होता. तिशीचा, गोड बोलणारा, पाठीवर मोठी पिशवी, डोक्यावर भारीतला दिवा. त्याचं नाव पडलं गोगलगाय. पाद्रीबुवांनी त्याला आजोबांच्या घोड्याची गोष्ट सांगितली. आजोबा याच खाणीत अळंबी पिकवायचे. त्यांचा घोडा जन्मापासून खालीच. एकदा त्याला वर आणला. त्यानं सूर्याकडे बघितलं, नाक फेंदारलं आणि आपणहून परत खाली उतरला.

“का?” गोगलगायीनं विचारलं.

“म्हणाला, एवढा मोठा कंदील! तेल किती जळत असेल रोज?”

गोगलगाय पोट धरून हसला. तीन वाट्या सूप प्यायला.

“बाळ, तू वर काय करतोस रे?” शेवाळबाईंनी हळूच विचारलं.

“बाई!” पाद्रीबुवांनी पळी उगारली. “नियम म्हणजे नियम. माणूस कसा सूप पितो यावरून मी ओळखतो. हा सोन्यासारखा आहे.”

पाद्रीबुवांचा स्वतःवर असा विश्वास होता. त्यांनी पाहुण्याला शिडीपर्यंत सोडलं, झाकण कसं अलगद उचलायचं तेही आपल्या हातानं उचलून दाखवलं.

गोगलगाय वरच्या जगात फिल्मा काढत होता. बंद कारखाने, पडके दवाखाने, भुयारं. डोक्यावरच्या त्या भारी दिव्यात कॅमेरा होता. आठवड्याभरात पाद्रीबुवांचं दालन लाखो लोकांनी पाहिलं. तसा पोरगा वाईट नव्हता. त्यानं सगळ्यांचे चेहरे पुसले होते, रस्त्याचं नाव झाकलं होतं. फक्त पाद्रीबुवांचं टक्कल झाकायचं राहिलं. झाकण उचलायला टोपी काढून ते वाकले आणि चीजच्या दुकानाची हिरवी पाटी, कोंबड्यासकट, त्या टकलात अशी लख्ख उमटली की कोणीतरी रिकामटेकड्यानं ती मोठी करून, उलटी करून वाचली. दोन दिवसांत झाकणासमोर रांग लागली. चीजवाल्याचा धंदा दुप्पट झाला म्हणतात.

गोगलगाय त्यानंतरच्या रविवारी मान खाली घालून शिडीखाली उभा होता.

“पाद्रीबुवा, शप्पथ, मी सगळ्यांचे चेहरे झाकले होते.”

“आणि हे?” पाद्रीबुवांनी टोपी काढली.

“ते… लक्षातच आलं नाही.”

“पन्नाशीपासून लपवतोय मी ते. तू लाखो लोकांना दाखवलंस.”

“फिल्म काढून टाकतो. आजच.”

“दूध उतू गेल्यावर गॅस बंद कर,” शेवाळबाई म्हणाल्या. “कर, कर. पण त्यानं दूध पातेल्यात येत नाही.”

लोक चपला घालून उतरू लागले. फोनच्या उजेडात. वाढदिवसाचे फुगे घेऊन. पणतीच्या वाटीत कोणी सिगारेट विझवली. पाद्रीबुवांनी ती वाटी बोटानं पुसली. त्या दिवशी त्यांचं सूप पहिल्यांदाच खारट झालं.

आणि मग एक जोडपं हरवलं. साखरपुडा साजरा करायला उतरलेलं. फिल्ममध्ये शिडीपासून दालन दोन मिनिटांवर दिसतं. मधली वळणं कापली होती, ती त्यांना कोण सांगणार? एक दिवस गेला तरी दोघं वर आली नाहीत. पोलीस उतरले, अग्निशमनवाले उतरले, कुत्री उतरली. कुत्री थेट सुपाच्या पातेल्यापाशी जाऊन बसली. शेवटी कचेरीनं आपल्या वेल्डरलाही पाठवलं, कारण त्याला म्हणे लोखंडाच्या शिड्या माहीत.

पाद्रीबुवांनी सगळ्यांचे दिवे विझवायला लावले, गप्प बसवलं आणि भिंतीला कान लावला. हरवलेला माणूस हाका मारून दमतो. पण लग्न ठरलेली माणसं भांडून दमत नाहीत. थोड्या वेळानं पाणी साचलेल्या एका फाट्यातून बारीक आवाज आला: “मी म्हटलं होतं ना समुद्रावर जाऊ!”

दोघं कमरेएवढ्या पाण्याच्या कडेला कपारीत चिकटून बसली होती. मुलीच्या पायात सँडल उरलं नव्हतं, टाच फाटली होती, ओठ निळे पडले होते. पाद्रीबुवांनी तिला पाठुंगळी घेतलं, दालनात आणून टेबलाशी बसवलं आणि सूप गरम केलं. बसवलं ती नेमकी पणतीच्या जागेवर. पहिली पळी ओतली, ती दगडानं प्यायली. मुलगी रडायलाच लागली. “सांडलं!”

“सांडलं नाही, पोरी. ती तिची. ही घे तुझी.”

मुलगी दोन्ही हात वाटीभोवती धरून वाकली आणि जनावरासारखी प्यायली. ओठांवर रंग आला, तसा तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं इकडंतिकडं बघितलं.

“फिल्ममध्ये हे मोठं वाटतं,” तो म्हणाला.

पाद्रीबुवांची नजर मुलीच्या टाचेकडे गेली. आणखी एक दिवस गेला असता, तर इथून तिरडीच वर न्यावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मादाम वोकलँनी त्यांना बोलावलं. साहेबीण वयानं लेकीएवढी, पण डोळा पक्का. टेबलावर लांबीचा एक वाकडा तुकडा पडला होता, एका बाजूनं चंदेरी.

“झाकण तुम्हीच लावलं होतं ना, मस्य त्रुवे?”

“मीच.”

“काम सुबक आहे.”

“आभारी आहे.”

“मी तुमचं कौतुक करत नाहीये!” मादामनं तुकडा उचलून परत ठेवला. “वरून हुकूम आलाय. दालनात सिमेंट ओतायचं. छतापर्यंत. मंगळवारी गाड्या येतायत.”

पाद्रीबुवांच्या डोळ्यांपुढं ते राखाडी पाणी उभं राहिलं. बाकावर चढणारं, एकेक वाटी भरत जाणारं. कोपऱ्यावरच्या वाटीत ओतली जाणारी ती दुसरी पळी. आणि तीही दगड प्यायला असता, ना म्हणता आलं नसतं त्याला.

“सिमेंट कशाला वाया घालवता, मादाम? छत खणखणीत आहे, तुमचेच इंजिनियर म्हणालेत. भोक एकच. ते मी बंद करतो.”

“पुन्हा लांबीनं?”

“खऱ्या टाक्यानं. मी मनापासून मारलेला टाका आजवर सुटलाय का, दाखवा.”

तसा एकही टाका नव्हता, हे मादाम वोकलँना माहीत होतं. म्हणून तर त्यांना त्या लांबीचा एवढा राग आला होता.

“मग तुम्हालाही उतरता येणार नाही,” त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या.

“मला तर नाहीच. मी लावल्यावर मला कसं उघडेल?” पाद्रीबुवा हसले. “माझ्यापेक्षा चांगला वेल्डर अजून जन्माला यायचाय.”

मंगळवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. त्याआधी पाद्रीबुवा एकटेच खाली जाऊन आले. काय केलं ते मला माहीत नाही, पण वर आले तेव्हा हातात पातेलं होतं, रिकामं, आणि पळी नव्हती.

त्यांनी झाकणाची कड घासून पांढरी केली, काच तोंडावर ओढली आणि ठिणग्या उडू लागल्या. चीजच्या दुकानाशेजारच्या कॅफेत, बाहेरच्या खुर्च्यांवर, वेगवेगळ्या टेबलांशी तीन माणसं बसली होती. एकमेकांना न ओळखणारी. एक जाडा टॅक्सीवाला, एक पिशवीवाला पोरगा आणि छोटं कुत्रं घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई. अर्धी गोलाई झाली तेव्हा वेल्डरनं घाम पुसायला काच वर केली. टॅक्सीवाल्याच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पोरगा उठायला लागला, तर म्हाताऱ्या बाईंनी त्याला नुसत्या नजरेनं खाली बसवलं. नियम म्हणजे नियम.

मग त्या बाई कुत्रं घेऊन रमतगमत झाकणापाशी आल्या.

“मस्य, नीट करा हं,” त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मागच्या वेळी ज्यानं केलं, तो अगदीच गाढव होता.”

“त्याला काढून टाकला, मादाम.”

“चांगलं केलंत. तसा गाढव पुन्हा मिळायचा नाही.”

पाद्रीबुवांनी काच ओढली. उरलेली अर्धी गोलाई त्यांनी एका दमात, हात न उचलता पुरी केली. असा टाका मी पाहिला नाही. लोखंडाला लोखंड लागलं कुठं आणि संपलं कुठं, सांगता येऊ नये. यंत्र बंद करून ते तिथंच फुटपाथच्या कडेला टेकले. झाकण निवेपर्यंत वेल्डरनं जागा सोडायची नसते, असं ते म्हणायचे. मी इतर कुठल्याही वेल्डरकडून हे ऐकलेलं नाही.

बाई गेल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. कांद्याचा वास दरवळला. त्यांनी थर्मासच्या झाकणात सूप ओतलं आणि वाकून ते जमिनीशी नेलं.

“टाक्यावर नको,” पाद्रीबुवा चटकन म्हणाले. “तडकेल. बाजूला.”

बाईंनी बाजूच्या फरशीच्या फटीत ते हळूहळू ओतलं. दोघं बघत राहिले. दगड प्यायला तेवढा वेळ लागला. मग बाईंनी दुसऱ्यांदा थर्मास वाकडा केला आणि ते झाकण पाद्रीबुवांच्या हाती दिलं.

पाद्रीबुवांनी एक घोट घेतला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले, आणि आणखी सुपासाठी झाकण पुढं केलं.