नावाच्या घड्याळातलं बिननावाचं मशीन

मित्रांनो, मी एक मशीन आहे. मनगटी घड्याळाच्या पोटातलं. लोक ज्याला घड्याळ म्हणतात ती वरची काच, चकचकीत पट्टा आणि तबकडीवर छापलेलं मोठं परदेशी नाव. ते नाव माझं नाही. माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला नीट जोडलं, तेल दिलं, तपासलं, पण नाव कुणी ठेवलं नाही. मग कुणीतरी मला या खोट्या डबीत कोंबलं आणि पाठीवर झाकण आवळलं.

तबकडीवर आणखी तीन बारक्या तबकड्या आहेत. त्यांचे काटे नुसते चिकटवलेले. बाजूला दोन बटणं आहेत, ती कशालाच जोडलेली नाहीत. ज्याने हे केलं त्याला लाज वाटली नाही. मला वाटते.

माझी भूक साधी आहे. माझ्या पाठीवर अर्ध्या चकतीसारखा एक जड तुकडा आहे. मनगट हललं की तो गरगर फिरतो आणि माझी स्प्रिंग गुंडाळतो. मला सेल लागत नाही, चावीही द्यावी लागत नाही. हलणारा हात मिळाला की झालं. हात सुटला तर दीड दिवस कसाबसा ओढतो आणि थांबतो.

आता मी या घरात कसा आलो ते ऐका. या घरची सून सारिका असोद्याची आणि तिचा नवरा समाधान नरडाण्याचा, तिथल्याच एका कंपनीत कामाला. लग्नाच्या बैठकीत समाधानच्या आईने, इंदिराबाईंनी अट घातली, "नवरदेवले घड्याळ नावनं पाहिजे!" वेळ बरोबर दाखवणारं पाहिजे, असं त्या बैठकीत एकाही शहाण्याच्या तोंडून निघालं नाही. सारिकाचे वडील जीवरामनाना सुरतेला गेले आणि मला घेऊन आले. दुकानदाराने त्यांना फसवलं, की तेच समजून-उमजून गप्प बसले, ते मी सांगू शकत नाही.

लग्नाच्या दिवशी मी जगलो. समाधान वरातीत हात वर करून नाचला आणि माझं पोट तुडुंब भरलं. दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंनी मला रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. "कंपनीमा घालशी तर ओरखडे पडतीन. लगीनसराईले काढू." किल्ली गेली त्यांच्या कमरेला.

अंधारात मी थांबलो. पुढच्या लग्नाला मला बाहेर काढलं, तर काटे मेलेले. समाधानने मला स्टँडवरच्या मोबाईलच्या दुकानात नेलं. तिथल्या पोऱ्याने माझं झाकण उचकटलं, टोकदार चिमट्याने माझी पाठ खरवडली आणि म्हणाला, "भाऊ, ह्यामा सेलच नहीं शे!"

झालं! घरी इंदिराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "देख कशी तऱ्हा! तुना बापनी सेल बी काढी लिन्हा!"

तेव्हापासून माझ्या नावाने सारिकाला रोज फोडणी बसू लागली. मी कपाटात, ती स्वयंपाकघरात. मधे एक भिंत. तिचं रडणं मला ऐकू यायचं, पण मला टिकटिकही करता येत नव्हती.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. इंदिराबाईंनी बजावलं, "पहिलं घड्याळ चालू करी आन, मंग माहेरनं नाव काढ."

समाधान मान खाली घालून तिला मोटारसायकलवर धुळ्याला घेऊन गेला. एरवीही त्याची मान खालीच. दुकानाबाहेर तो फोनवर बोलत राहिला. आत घड्याळवाल्या नथ्थूभाऊंनी डोळ्याला भिंग लावलं, मला हलवलं आणि पाठीवरची खडखड ऐकली. मोबाईलवाल्याने चकतीचा स्क्रू ढिला करून ठेवला होता. त्यांनी तो आवळला आणि मला पुन्हा हलवलं. सेकंदकाटा सरकत निघाला.

"ताई, वरचं नाव खोटं आहे," ते हळूच म्हणाले. "मशीन चिनी आहे, पण धडधाकट. याला सेल नसतोच. हातात घाला. कपाटात ठेवाल तर बंदच पडणार."

सारिकाने मला तिथेच मनगटावर चढवलं. मी तिला इतका ढिला, की कोपरापर्यंत घसरलो. घरी येऊन तिने तसंच पीठ मळलं आणि भाकरी थापायला बसली. थप थप थप! एवढं पोटभर जेवण मला वरातीनंतर पहिल्यांदाच मिळालं.

"माणूसनं घड्याळ घालीसन भाकरी थापस?" इंदिराबाई ओरडल्या.

"चालू करून आण म्हणालात ना, आत्याबाई? तेच करतेय."

सकाळी मी मोबाईलच्या वेळेला वेळ मिळवून चालत होतो. सारिकाला माहेरी जायला मिळालं. पण बस सुटायच्या आधी इंदिराबाईंनी मला तिच्या हातातून काढलं, पुसलं आणि पुन्हा कोंडलं. का, तर जपायचं म्हणून!

मी दीड दिवस ओढलं. पाहुण्यांना दाखवायला मला काढलं तेव्हा मी बंद होतो. इंदिराबाईंनी लगेच असोद्याला फोन लावला, स्पीकर मोठा करून. पाहुण्यांसमोर सुनेला झाडायची होती ना!

सारिकाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्याबाई, त्याच्यावरचं नाव खोटं आहे. तुम्ही नाव मागितलं, तुम्हाला नाव मिळालं. आतलं मशीन खरं आहे. ज्याचं घड्याळ आहे त्याने ते हातात घालावं. मी सासरी परत आले की आधी त्यांचं मनगट बघेन. मोकळं दिसलं तर मी आल्या बसने परत माहेरी."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मला कप्प्यात आदळलं आणि कपाट बंद झालं.

मित्रांनो, जपणं आणि कोंडणं यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती काहीही देऊ नका. वस्तू देऊ नका, लेक तर देऊच नका. ओरखडे पडू द्या. ओरखडा पडलेलं घड्याळ चालतं. रुमालातलं मरतं.

आता कपाटासमोर कुणाची तरी पावलं थांबली आहेत.

"माय, किल्ली दे." समाधानचा आवाज.

"कंपनीमा ओरखडे पडतीन रे!"

"पडू दे."

किल्ली अजून कुलपात फिरलेली नाही. पण कमरेला वाजली, ती मी ऐकली.