अट क्रमांक सहाशे बारा

आमच्या ऑफिसात त्या सॉफ्टवेअरला सगळे ‘महाराणी’ म्हणतात. आम्ही तान्ह्या बाळांना श्वास देणारं यंत्र बनवतो. त्या यंत्राने काय काय केलंच पाहिजे, अशा चौदाशे अटी महाराणीकडे, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतात. त्या बघूनच कारखान्यात यंत्राची जुळणी होते. पण पाचशे ओळींच्या पुढे गेलं की बाईसाहेबांना धाप लागते, पडदा गोठतो. आणि महिन्यापूर्वी काय होतं नि आज काय आहे, हा फरक दाखवायची सोय तिच्यात नाहीच.

दुपारी बाराला मला सही करायची होती: ज्या अटींवर मी चाचणी घेतली, त्याच आजही आहेत, अशी. सही झाली की यंत्रं थेट दवाखान्यांत जाणार. डोळे मिटून सही करायला हात धजेना.

“अगं, कोण बदलणार आहे अटी?” अटी लिहिणारे काका म्हणाले. निवृत्तीला आलेत, म्हणून सगळ्यांचेच काका.

“तुम्हीच बदलाल,” मी म्हणाले. माझी जीभ जरा तिखटच आहे.

चाचणीच्या वेळची छापील पानं माझ्या कपाटात होती. सकाळी सातपासून महाराणीच्या मागे लागून वीस-वीस करत नवी पानं छापून घेतली. मग खिडकीच्या काचेवर जुनं पान, त्यावर नवं. मागून ऊन. अक्षरावर अक्षर बसलं की पुढचं पान. काका पानं लावत होते, मी बघत होते. शंभर झाली, दीडशे होत आली, आणि मला अशी काही मजा यायला लागली की टेबलावरचा चहा तसाच गार झाला. जिच्यापुढे महिनाभर हात टेकले होते, तिला आम्ही एका खिडकीच्या जोरावर हरवत होतो!

सव्वाअकराला एका पानावर एक आकडा गिचमिड दिसला.

“थांबा, काका.”

अट क्रमांक ६१२. बाळाचा श्वास थांबला तर १० सेकंदांत भोंगा वाजला पाहिजे. नव्या पानावर ४०.

अंगावर काटा आला. पण खोटं कशाला बोलू, सापडलं म्हणून उडी मारावीशीही वाटली. “मी म्हटलं नव्हतं?” मी काकांना ऐकवलं. त्यांचा चेहरा पडला. मी साहेबांना बोलावून आणलं. एखादी ओळ शेवटची कोणी बदलली, ते महाराणी सांगते, फक्त सावकाश. पडद्यावरचं चक्र फिरत होतं आणि मी काकांकडे रोखून बघत होते.

नाव आलं. माझं. गेल्या मंगळवारचं.

त्या दिवशी ६१३ पुढे चाचणीचा निकाल भरायचा होता: बॅटरी चाळीस मिनिटं टिकली. पडदा गोठला, मी चिडून पुन्हा लिहिलं. पहिलं चाळीस वरच्या ओळीत, थेट अटीच्या आकड्यावर जाऊन बसलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “माल थांबवायचा तर कारण लिहून द्यावं लागेल.”

ते फोन करायला बाहेर गेले. काकांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि हळूच म्हणाले, “मी दहा करून टाकतो. शेवटचा बदल माझा, म्हणजे नोंदीत नाव माझंच लागेल. मला काय, चार महिने उरलेत.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कीबोर्ड काढून घेतला आणि कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली लिहिलं, जवळजवळ आठशे अटी अजून बघायच्या आहेत.

“चुकलं माझं, काका,” मी म्हणाले. “आता बघायचं तुम्ही. पानं मी लावते.”