बॅग गेली, बाई राहिली

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची बॅग आहे. रंग गडद जांभळा, अंग भक्कम, स्वभाव तापट. जन्मतः मी तापट नव्हते, मला तसं केलं गेलं. कसं ते सांगते, म्हणजे उद्या कोणी मला किरकिरी म्हणालं तर तुम्ही तरी माझी बाजू घ्याल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आधी कवच, मग अस्तर, मग चेन आणि शेवटी चाकं. चाकं बसवणाऱ्या बाईने मला उचलून दणकन जमिनीवर आपटलं, सगळं जागच्या जागी आहे हे पाहिलं आणि म्हणाली, "जा, जग बघून ये." ती प्रत्येक बॅगेला हेच म्हणायची, हे मला नंतर कळलं. तोवर मी ते मनावर घेतलं होतं.

दुकानातून मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला दोन मैत्रिणींनी घरी नेलं. माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. तिची मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते. तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. दोघींनी मुद्दाम एकाच रंगाच्या बॅगा घेतल्या. कशाला, तर लांबून ओळखू याव्यात म्हणून! जवळून वेगळ्या कशा ओळखायच्या, हा प्रश्न चष्मेवालीलासुद्धा पडला नाही.

बेत परदेशी जाण्याचा होता. दोघींनीच. नवरा नाही, मुलं नाहीत, सहलीचा झेंडा धरून पुढे चालणारा माणूस नाही. मी खूश होते. पण त्या वर्षी मालकिणीच्या मुलीची परीक्षा निघाली. दुसऱ्या वर्षी सासूबाईंचा मोतीबिंदू. मग स्वयंपाकघराच्या फरशा. दरवेळी ही म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की."

बरं, तिला कोणी अडवत होतं म्हणाल तर तेही नाही. नवरा भला माणूस. "जा की! मी कुठे नाही म्हणतोय?" असं मोठ्या मनाने म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "साखर कुठे असते गं?" झालं! हिचा पाय घरातून निघायचा नाही. मला राग त्याचा यायचा की हिचा, ते मलाच कळत नसे.

आणि माझं काय झालं? मला कपाटावर चढवलं आणि पोटात रजया कोंबल्या. जुने पडदे कोंबले. सासूबाईंचे जुने एक्स-रेसुद्धा कोंबले. मला खाली काढलं जायचं ते दुसऱ्या कोणाला द्यायला. पुतण्या नव्या बायकोला घेऊन परदेशी गेला, माझ्यासोबत. दीर परिषदेला गेला, माझ्यासोबत. नणंद सहलीला गेली आणि माझ्या अस्तरावर शाम्पूची बाटली सांडून आली. एक चाक कुरकुरायला लागलं, पण तेल घालायचं कोणाला सुचलं नाही. सगळं घर मला घेऊन जग बघून आलं, जिची मी होते ती सोडून.

ती मात्र माझं अस्तर ओल्या फडक्याने पुसत नणंदेला विचारायची, "वन्सं, कसं होतं हो तिथे?" विमानतळावरची चिकटपट्टी ती लगेच सोलून टाकायची नाही. त्यावरून अंगठा फिरवत बसायची. तेव्हा माझा सगळा राग निवायचा. फार वाईट वाटायचं.

अखेर एका वर्षी तिकिटं निघाली. व्हिसासुद्धा आला. भिंगरीने चक्क व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट हिच्या नाकासमोर नाचवला.

या दोघींची सामान भरायची एक अजब रीत होती. एकीची बॅग दुसरीने भरायची. "आपल्या वस्तूंवर आपली माया असते. दुसरीच्या वस्तू निर्दयपणे काढता येतात," असं भिंगरीचं शास्त्र. त्याप्रमाणे निघायच्या आदल्या दिवशी भिंगरीच्या खोलीत पसारा मांडला गेला. भिंगरीने मला भरलं. मालकिणीने आणलेल्या वस्तूंतून तिने थर्मास, उशी आणि गोळ्यांचा अर्धा डबा बाहेर काढला. मालकिणीने माझ्या जुळ्या बहिणीत भिंगरीचे कपडे, चित्रांची वही आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा नीट बसवला.

संध्याकाळी मालकीण उठली. जी बॅग दुपारभर स्वतःच्या हाताने भरली होती, तीच उचलून ती घरी गेली. मी भिंगरीच्या खोलीतच राहिले. ओरडून सांगितलं असतं, पण बॅगेला तोंड असतं ते फक्त कोंबायला.

सकाळी भिंगरी बूट घालत असताना फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, हे स्टुलावरून घसरले," माझी मालकीण म्हणाली. "पाय मुरगळलाय."

"मोडलाय?"

"नाही गं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पायाला आराम द्या. पण असं टाकून कसं येऊ? आपण पुढच्या वर्षी..."

भिंगरीचा एक बूट पायात, एक हातात. मला वाटलं, आता हीसुद्धा मला उलटं करून रिकामं करणार.

"तू राहा," ती म्हणाली. "मी जाते."

आणि ती गेली, मित्रांनो. एकटी. विमानात बसताना एकदा उठून परत जावंसं वाटलं, असं तिनेच नंतर सांगितलं. मी तर विमानाच्या पोटात होते. पोचल्यावर रस्ता चुकली, विचारत विचारत निघाली आणि मला ओढत एका लहानशा हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर चढली. लिफ्ट नव्हती. गुडघा धरून ती पलंगावर बसली आणि पट्टा काढायला तिने माझी चेन उघडली.

आत सगळे माझ्या मालकिणीचे कपडे! भिंगरी आधी भडकली, मग हसत सुटली, मग रडली. माझ्या मालकिणीच्या एका शर्टात भिंगरी दोनदा मावते. तोच शर्ट अंगात चढवून तिने व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ. तुझे कपडे आलेत, तुझी बॅग आली. फक्त तू नाहीस."

मालकिणीने कपाळावर हात मारला. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "अगं बाई! मग तुझं सामान घेऊन मला यायलाच हवं ना! तुझा पट्टा, तुझे कपडे... थांब, मी सांगते घरी."

माझा जीव भांड्यात पडला. सापडलं एकदाचं निमित्त! आणि भिंगरी काय म्हणाली असेल?

"नको."

"म्हणजे?"

"बॅग पोचवायला येऊ नकोस. आयुष्यभर तू कोणाकोणाचं काहीबाही पोचवतच आलीस. पट्टा मी इथे विकत घेईन. तुला स्वतःला यावंसं वाटलं तर ये." आणि तिने फोन ठेवला.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! ती येत होती! कशासाठी का होईना, येत होती. एवढी तत्त्वं कशाला पाजळायची? भिंगरीही खिडकीशी उभी राहून स्वतःलाच म्हणाली, "चुकलंच माझं." पण फोन काही तिने पुन्हा केला नाही. पुढचे दोन दिवस ती एकटी समुद्रावर जायची, चित्रं काढायची, परत येऊन मोबाइल बघायची आणि उलटा ठेवायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. भिंगरीने उघडलं. दारात माझी मालकीण. केस विस्कटलेले, जिने चढून धाप लागलेली, खांद्याला एवढीशी पर्स.

"आलीस?" भिंगरीने विचारलं.

"आले. काल ह्यांना विचारलं, पाय कसा आहे? तर हे मॅच बघत होते. म्हणाले, कुठला पाय? त्यांना आठवायला वेळ लागला गं. मी तिथल्या तिथे तिकीट काढलं."

दोघी गळ्यात पडल्या. मग भिंगरीने तिच्या पाठीमागे पाहिलं, जिन्यात वाकून पाहिलं.

"आणि माझी बॅग?"

"घरी आहे."

"आणली नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, बॅग पोचवायला येऊ नकोस म्हणून. नाही आणली."

"अगं ए बये, पण माझा पट्टा! इथे कुठे मिळाला नाही!"

मालकीण सरळ खिडकीशी गेली आणि समुद्र बघत उभी राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर माझ्यासारखी एखादी बॅग असेल. तिची चेन उघडा, चाकांना तेल घाला. आणि ती जिची आहे त्या आईला, मावशीला, काकूला विचारा, "कधी निघतेस?" ती म्हणेल, "बघू पुढच्या वर्षी." तेव्हा मान डोलावून खेळायला पळू नका. तिथेच ठाण मांडून बसा आणि पुन्हा विचारा.