मास्तरांची रेघ

बाजारात मला ‘नकलीसाहेब’ म्हणतात. मी ब्रेक शू बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस आहे. आमच्या नावावर कोण खोटा माल विकतो ते हुडकून काढायचं आणि पोलिसांना सोबत नेऊन तो पकडून द्यायचा, हे माझं काम. बायको म्हणते, नाव अगदी शोभून दिसतं तुम्हाला. पूर्वी ती हे चेष्टेने म्हणायची.

ब्रेक शू म्हणजे दुचाकीच्या चाकाच्या आत बसणारी अर्धगोल जोडी. ब्रेक दाबला की ती फाकते, तिच्यावरची घासपट्टी, म्हणजे लायनर, चाकाला आतून घासते आणि गाडी थांबते. खोटा शू असला तरी गाडी थांबतेच, फक्त कशावर तरी आदळून. अशा दोन गाड्या मी जवळून पाहिल्या आहेत, त्यामुळे या कामात मी कधी हयगय केली नाही. मी हयगय करत नाही याचाच मला माज होता, आणि त्या माजापायी जे झालं ते आज सांगायला बसलो आहे.

खरा माल ओळखायची आमची खूण कुठल्याच कागदावर नव्हती. शूच्या धातूवर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत असतं. त्यातल्या तिसऱ्या अक्षराखाली केसाएवढी रेघ यायची. डोळ्यांना दिसत नसे, पण नख फिरवलं की अडखळायचं. आमच्या साच्याला कधीकाळी ओरखडा पडला होता, त्याची ती रेघ. नकली माल करणारे आमचाच शू समोर ठेवून साचा बनवत. त्यांना वाटे, हा आपल्या हातून झालेला दोष आहे, म्हणून ते ती रेघ घासून काढत. चोरांना नीटनेटकेपणाची भारी हौस! त्यामुळे नख अडखळलं की माल आमचा, आणि गुळगुळीत लागलं की चोराचा.

ही रेघ मी शोधून काढली असं कंपनीत सगळे मानतात. मानणारच, मीच तसं सांगितलं होतं. त्याबद्दल मला मानपत्र मिळालं, बढती मिळाली, नव्या लोकांना शिकवायला मलाच बोलावू लागले. खरं म्हणजे ती रेघ मला मास्तरांनी दाखवली होती.

मास्तरांचं सुट्या भागांचं दुकान मेकॅनिकांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दहा बाय बाराची खोली, छतापर्यंत पत्र्याचे खण आणि प्रत्येक खणावर त्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही. चुकीचा भाग मागणाऱ्याला आधी खडसवायचं आणि मग बरोबर भाग द्यायचा, या सवयीमुळे हे नाव पडलं. मेकॅनिक दुसरीकडून आणलेला मालसुद्धा आधी त्यांना दाखवायला आणत. मास्तर नख फिरवत आणि म्हणत, ‘बसव’ किंवा ‘फेकून दे’. त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. त्यांचं दुकान मालावर कमी आणि त्यांच्या शब्दावर जास्त चालायचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आठ दिवस त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून होतो. नवव्या दिवशी त्यांनी माझं बोट धरून त्या अक्षराखाली फिरवलं.

“लागलं काही?”

“नाही.”

“मग नखं वाढव जरा. नखं कुरतडून नोकरी करायला निघाला!”

ऑफिसात अहवाल लिहिताना मी ‘निरीक्षणातून आढळले’ असं लिहिलं. कुणाच्या निरीक्षणातून, ते गाळलं. दुसऱ्याचं नाव चोरणाऱ्यांच्या मागे मी वीस वर्षं धावलो आणि माझी स्वतःची पहिली कमाई तसलीच चोरी होती. मास्तरांच्या कानावर ते गेलं. ते म्हणाले, “तुझं भलं झालं ना? मग झालं.” मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आज लाज वाटते.

गेल्या वर्षी ऑफिसात तक्रार आली. मीच शिकवून तयार केलेल्या एका विक्री प्रतिनिधीने लिहिलं होतं की मास्तरांच्या दुकानातल्या शूंवर रेघ नाही. मी आधी एकट्याने जाऊन त्यांना विचारायला हवं होतं. पण मास्तर असले तरी मी भीड ठेवत नाही, हे ऑफिसात दिसावं असं मला वाटलं. सकाळी अकरा वाजता फौजदार आणि दोन पोलीस घेऊन मी दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो.

साठ खोके होते. मी एकेक उघडून नख फिरवत गेलो. एकाही शूवर रेघ नव्हती. बाहेर गल्ली गोळा झाली होती. हातात पाने तसेच धरून मेकॅनिक येऊन उभे होते.

“मास्तर, हा माल कुठून आणलात?”

“तुमच्याच वितरकाकडून. पावती आहे. अरे, हात फिरवल्यावर मीही चरकलो होतो. पण लायनर बघ, वजन बघ. माल तुमचाच आहे. तुमच्या लोकांनी साचा बदललाय.”

“साचा बदलला तर मला आधी कळेल.”

“मग या वेळी नसेल कळलं. कारखान्यात एक फोन लाव की. दोन मिनिटांचं तर काम.”

फौजदार माझ्याकडे बघत होते. फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. आमच्या साच्याची बातमी एका दुकानदाराला आहे आणि मला नाही, हे साऱ्या गल्लीसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. खरं कारण एवढंच होतं. बाकी मी वकिलांना जे काही सांगितलं ते नंतर सुचलेलं.

“पावत्याही खोट्या छापून मिळतात,” मी म्हणालो.

जप्तीच्या कागदावर मास्तरांनी सही केली, चष्मा काढून पुसला आणि दुकानाचं शटर स्वतःच्या हाताने खाली ओढलं. त्यावर पोलिसांनी सील लावलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मास्तर होते, साठ खोके होते आणि मी होतो. माझी छाती जरा पुढे आलेली होती.

एकोणीस दिवसांनी कॅन्टीनमध्ये साचा विभागाचा प्रमुख माझ्यासमोर ताट घेऊन बसला.

“काय, नवा साचा कसा वाटला?” त्याने विचारलं. “जुना पार झिजला होता. तीन महिने झाले बदलून. तुमच्या विभागाला पत्र धाडलं होतं की.”

मी ताट तसंच सोडलं. उठून ऑफिसातल्या माझ्या टेबलाशी गेलो. पत्र होतं. मीच लिहिलेल्या ‘नकली माल कसा ओळखाल’ या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली, न फोडलेलं.

मी ते घेऊन कंपनीच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लेखी चूक कबूल केलीत तर जुन्या सगळ्या केसेस उघड्या पडतील,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक चोर उठून म्हणेल, यांना स्वतःचा माल ओळखता येत नाही. आपण ही केस हळूच मागे घेऊ. पुराव्याअभावी. तोवर तुम्ही तिकडे फिरकू नका.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझ्या सोयीचं होतं, म्हणून मला ते जास्तच पटलं.

मी अकरा आठवडे गप्प बसलो. ऑफिसला जायचा रस्ता बदलला. घरी बायकोला सगळं सांगितलं होतं. ती रोज विचारायची, “जाऊन आलात का?” मी म्हणायचो, “उद्या जातो.” एक दिवस ती म्हणाली, “जाऊ नका आता. तुमच्याने होणार नाही ते.” मग तिने विचारणंच सोडलं. तिचं न विचारणं मला जास्त लागायचं.

केस मागे घेतली गेली, सील निघालं, मास्तरांनी दुकान उघडलं. पण ‘पुराव्याअभावी’ या शब्दाचा गल्लीने काढायचा तोच अर्थ काढला. म्हातारा सफाईने सुटला, असं लोक म्हणू लागले. मेकॅनिक पलीकडच्या चौकातल्या दुकानात जायला लागले. ज्यांना मास्तरांनी खरा माल ओळखून दिला, तेच आता मास्तरांना ओळखत नव्हते. हे मला त्याच विक्री प्रतिनिधीने हसत हसत सांगितलं, आणि त्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो.

पत्र कंपनीच्या कागदावर लिहिलं, सही माझी केली. माल खरा होता. चूक माझी होती. फोन करायला सांगूनही मी केला नाही. आणि खालच्या परिच्छेदात लिहिलं की ती रेघ वीस वर्षांपूर्वी मास्तरांनी शोधली, मी नाही. एक प्रत ऑफिसात दिली. वकीलबाई माझ्यावर अशा ओरडल्या की बाहेर शिपायाने दार लावून घेतलं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मिळायला हवीच होती. मग जप्त केलेले साठ खोके टेम्पोत घालून मी मास्तरांकडे गेलो.

ते स्टुलावर बसले होते. वाळले होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

“रेघेचंही लिहिलंत,” ते म्हणाले. “त्याची काही गरज नव्हती.”

वीस वर्षांत ते पहिल्यांदा मला अहो-जाहो करत होते.

“मास्तर, मी चुकलो. एक फोन करायचा होता.”

“हो.”

चुकीचा बोल्ट मागणाऱ्याला मास्तर उभाआडवा सोलून काढत. मला त्यांनी तेवढंही दिलं नाही.

“हे पत्र भिंतीवर लावा,” मी म्हणालो. “सगळ्यांना वाचू द्या.”

“लावतो. आत येतील ते वाचतील.”

टेम्पो बघून एक मेकॅनिक पायरीवर आला. माझ्या ओळखीचाच होता. त्याला मागच्या चाकाचे शू हवे होते. मास्तरांनी नुकत्याच आलेल्या खोक्यांतला एक उघडला, शू उजेडात धरला, उलटून लायनर पाहिलं, हातावर वजन घेतलं.

“घेऊन जा. चांगला आहे.”

मेकॅनिकने हात पुढे केला नाही. त्याने मास्तरांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, खरा आहे ना?”

“मास्तर सांगतायत ना तुला!”

“ते झालं. पण तुम्ही सांगा.”

“अरे, चुकलो होतो तो मी! मास्तरांचं बरोबर होतं. हे बघ, लिहून आणलंय मी.” मी पत्र त्याच्यासमोर धरलं.

त्याने पत्राकडे पाहून मान हलवली. “बरं साहेब. पण हा खरा आहे ना?”

मास्तरांनी शू माझ्या हातात दिला आणि ते खण आवरायला वळले.

“खरा आहे,” मी म्हणालो.

मेकॅनिकने माझ्या हातातून शू घेतला आणि निश्चिंत मनाने निघून गेला. मी तो उलटूनसुद्धा पाहिला नव्हता.